पापलेट म्हणजे नेमका कोणता मासा?

मासळीबाजारात एकाच पाटीत पापलेट आणि हलवा शेजारी शेजारी मांडलेले दिसतात. दोघांचाही आकार पतंगासारखा, अंग दोन्ही बाजूंनी चेपलेले, तोंड लहान आणि शेपटी दुभंगलेली. इंग्रजीत पहिल्याला रुपेरी पॉम्फ्रेट व दुसऱ्याला काळा पॉम्फ्रेट अशा अर्थाची नावे आहेत. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याला विचारले, तर हे दोघे सख्खे भाऊ आहेत असे तो बेधडक सांगेल. प्रत्यक्षात हलव्याचे नाते पापलेटाशी नसून काटबांगड्याच्या कुळाशी आहे. शेपटीच्या देठाजवळ हलव्याच्या अंगावर कडक खवल्यांची एक रांग असते. ती बोटाला खरखरीत लागते. पापलेटाचा तो भाग गुळगुळीत असतो. पाण्यात राहण्याची व पोहण्याची गरज सारखी असली की दूरच्या नात्यातील प्राणीही एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि मग आपला डोळा फसतो.

डोळा उलट दिशेनेही फसतो. दिसायला अगदी एकसारखे असलेले, एकाच नावाने विकले जाणारे दोन मासे प्रत्यक्षात दोन वेगळ्या जातींचे असू शकतात. आपल्या पापलेटाच्या बाबतीत नेमके हेच घडले. ही गोष्ट उलगडली ती डीएनए वाचण्याच्या तंत्रामुळे. ती कशी, हे पाहण्यापूर्वी ‘जात’ आणि ‘प्रजाती’ या दोन शब्दांचा अर्थ पक्का करून घेऊ. एकमेकांशी संकर होऊन ज्यांची पिढी पुढे चालते अशा जीवांचा गट ती जात; आणि जवळचे नाते असलेल्या अनेक जातींचा मिळून होणारा मोठा गट ती प्रजाती. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. ‘पाम्पस चायनेन्सिस’ म्हणजे पाम्पस या प्रजातीतील चायनेन्सिस ही जात.

माशांची जात ओळखण्याची जुनी पद्धत मोजमापाची आहे. परातील काटे किती, कल्ल्यांच्या कमानीवर दातेरी काट्यांची संख्या किती, पाठीच्या कण्यात मणके किती, डोक्याची लांबी शरीराच्या किती पट, अशी मोजणी करून शास्त्रज्ञ जात ठरवतात. ही पद्धत आजही टाकाऊ झालेली नाही. मात्र तिला संपूर्ण मासा लागतो. अंडी, नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले, हॉटेलातील तुकडा किंवा डब्यात बंद केलेला मासा तिच्यापुढे ठेवला, तर ती गप्प बसते. डीएनए वापरात येण्यापूर्वी माशांच्या स्नायूंतील प्रथिने विद्युतप्रवाहाने वेगळी करून त्यांच्या पट्ट्यांवरून जात ओळखत असत. पण शिजवल्यावर प्रथिनांची रचना बिघडते, आणि तळलेल्या तुकडीवर ही परीक्षा चालत नाही. डीएनए त्या मानाने चिवट रेणू आहे. उष्णतेने त्याचे तुकडे होतात, पण तुकड्यांवरचा मजकूर पुष्कळदा वाचता येतो.

हा मजकूर चार अक्षरांत लिहिलेला असतो : ए, टी, जी आणि सी. पिढीमागून पिढी त्याची नक्कल होत जाते, आणि नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर बदलते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तेव्हा तेथील पंडितांपुढे याच स्वरूपाचा प्रश्न होता. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून मिळालेल्या शेकडो हस्तलिखितांतील प्रत्येक श्लोक शब्दाशब्दाने ताडून पाहण्यात आला. एखादा पाठभेद ठरावीक काही पोथ्यांतच एकसारखा आढळला, तर त्या पोथ्या एकाच जुन्या प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे अनुमान काढता येते. डीएनएच्या बाबतीतही तर्क हाच. दोन जाती वेगळ्या होऊन जितका काळ लोटला असेल, तितके त्यांच्या मजकुरातील पाठभेद जास्त.

ही कल्पना वर्गात मुलांना करून पाहता येईल. समजुतीसाठी रचलेल्या पुढील चार ओळी फळ्यावर लिहा.

पहिला मासा : सी टी ए जी जी ए टी सी सी ए टी टी
दुसरा मासा : सी टी ए जी जी ए टी सी टी ए टी टी
तिसरा मासा : सी टी टी जी जी सी टी सी सी ए सी टी
चौथा मासा : सी टी टी जी जी सी टी सी सी ए सी सी

प्रत्येक जोडीत किती जागी अक्षरे वेगळी आहेत ते मुलांना मोजू द्या. पहिला व दुसरा यांत एकच फरक निघेल, तिसरा व चौथा यांतही एकच. पहिला व तिसरा यांत तीन, आणि दुसरा व चौथा यांत पाच. चार माशांचे दोन गट मुलांच्या डोळ्यांसमोर आपोआप उभे राहतील. एखादा चौकस विद्यार्थी लगेच विचारील, की पहिल्यात व दुसऱ्यात फरक आहेच, मग त्यांनाही दोन जाती का म्हणू नये? प्रश्न अगदी योग्य आहे. एकाच जातीतील दोन माशांतही थोडा फरक असतोच, जसा दोन माणसांत असतो. किती फरक ‘घरातला’ मानायचा आणि किती ‘परका’, हे आधी अनेक माशांवर मोजून ठरवावे लागते.

माशाच्या पेशीकेंद्रकात कोट्यवधी अक्षरांचा मजकूर असतो. तो सगळा वाचत बसण्याचे कारण नाही. सगळ्यांकडे असलेले एकच प्रकरण निवडले आणि तेवढेच ताडून पाहिले तरी काम भागते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी असे एक प्रकरण सुचवले. ते केंद्रकात नसून तंतुकणिकेत आहे. तंतुकणिका म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी केंद्रे. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. माशांत तो साधारण साडेसोळा हजार अक्षरांचा भरतो. एका पेशीत तंतुकणिका पुष्कळ असल्याने या डीएनएच्या प्रतीही पुष्कळ असतात, आणि शिळ्यापाक्या तुकड्यातूनही तो हाती लागण्याची शक्यता वाढते. त्यातील श्वसनाशी संबंधित अशा एका जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा भाग हेबर्ट यांनी निवडला. दुकानातील वस्तूवर उभ्या रेघांचा ‘बारकोड’ असतो, त्यावरून या पद्धतीला ‘डीएनए बारकोडिंग’ हे नाव पडले. उपमा आकर्षक आहे, पण थोडी फसवी आहे. साबणाच्या एका छापाच्या सगळ्या वड्यांवर अगदी एकच बारकोड असतो, माशांचे तसे नाही, हे फळ्यावरच्या उदाहरणात आपण पाहिलेच.

प्रयोगशाळेतील कृती थोडक्यात अशी. माशाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन प्रथिने पचवणाऱ्या विकराने तो विरघळवतात व डीएनए वेगळा करतात. (केळ्याचा लगदा, मीठ, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि थंडगार स्पिरिट यांच्या साहाय्याने डीएनएचे पांढरे धागे काढण्याचा प्रयोग बऱ्याच शाळांत होतो. पहिली पायरी जवळपास तीच. मात्र ते धागे दिसले म्हणजे अक्षरे वाचता आली असे नव्हे, हे मुलांना अवश्य सांगावे.) मग हवा तेवढाच भाग हेरून त्याच्या प्रती काढायच्या. या कृतीला पॉलिमरेज साखळी अभिक्रिया किंवा पीसीआर म्हणतात. ती शोधल्याबद्दल कॅरी मलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे ९५ अंश सेल्सियसला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान ५० अंशांच्या आसपास आणले की ‘प्रायमर’ नावाचे लहान तुकडे हव्या त्या भागाच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात. ७२ अंशांना विकर तेथून पुढे नवा धागा विणत जाते. एका फेरीत प्रती दुप्पट होतात. बुद्धिबळाच्या पटावर दाणे दुप्पट करत जाणाऱ्याची गोष्ट मुलांना ठाऊक असते. त्याच हिशेबाने ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. शेवटी यंत्राने अक्षरांचा क्रम वाचून तो संगणकातील संग्रहाशी ताडून पाहतात.

ऑस्ट्रेलियात रॉबर्ट वॉर्ड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २०७ जातींच्या समुद्री माशांवर हे करून पाहिले. एकाच जातीतील माशांत सरासरी फरक शेकडा ०.३९ भरला, तर एकाच प्रजातीतील दोन जातींत तो शेकडा ९.९३ होता. ढोबळ भाषेत सांगायचे, तर ६५५ अक्षरांपैकी जातभाईंत दोनतीन अक्षरे वेगळी, आणि चुलतभावांत पासष्टच्या आसपास. अंतर एवढे मोठे असल्यावर ओळख पटायला अडचण येत नाही. आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या पुढाकाराने भारतीय समुद्रातील ११५ जातींचे असेच काम २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

या तंत्राची जगभर चर्चा झाली ती मात्र न्यूयॉर्कमधील दोन शाळकरी मुलींमुळे. २००८ मध्ये या मुलींनी मॅनहॅटनमधील उपाहारगृहे व दुकाने यांतून माशांचे ६० नमुने जमा केले, अल्कोहोलमध्ये जपले आणि ग्वेल्फ विद्यापीठात पाठवले. ५६ नमुन्यांची ओळख पटली, आणि त्यांपैकी १४ भलत्याच नावाने विकलेले निघाले. ‘पांढरा ट्यूना’ म्हणून दिलेला एक मासा तर तिलापिया निघाला, म्हणजे आपल्या तळ्यातळ्यांत माजलेला गोड्या पाण्यातील स्वस्त मासा! मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतील संशोधकांनी भारतीय बाजारातील १०० नमुने तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत २२ नमुन्यांची नावे चुकीची होती. अख्खा मासा घेणाऱ्या जाणत्या गिऱ्हाईकाला फसवणे सोपे नसते. डोके, कातडी व काटे काढलेली पांढरी तुकडी एकदा ताटात आली, की ती कशाची आहे हे सांगणे अट्टल मासेखाऊलाही अवघड. असे प्रत्येक चुकीचे नाव म्हणजे लबाडीच असते असेही नाही. पुष्कळदा एकच स्थानिक नाव चार जातींना लावलेले असते.

येथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. पण जवळच्या जातींचा प्रश्न आला की हे तंत्रही अडखळते. ट्यूना, म्हणजे आपल्या कुप्याच्या गणगोतातील मोठे समुद्री मासे, हे त्याचे चांगले उदाहरण. थुनस या प्रजातीत आठ जाती आहेत व त्यांतील काहींच्या बारकोडमध्ये फारच थोडी अक्षरे वेगळी आहेत. त्यातच आणखी एक गुंता आहे. तंतुकणिका फक्त आईकडून पिल्लांत उतरतात. दूरच्या भूतकाळात केव्हातरी दोन जातींत संकर झाला असेल, तर एका जातीच्या माशांत दुसऱ्या जातीची तंतुकणिका वंशपरंपरेने चालत राहते. पॅसिफिक महासागरातील निळ्या पराच्या ट्यूनाची तंतुकणिका अशीच आल्बाकोर या निराळ्या ट्यूनाच्या तंतुकणिकेशी जवळीक दाखवते. म्हणून ट्यूनाच्या तपासणीत केंद्रकातील डीएनएचाही एखादा भाग वाचावा लागतो. रोहू व कटला यांच्या संकराचे मासे बीजोत्पादन केंद्रांत तयार होऊ शकतात. त्यांची नुसती तंतुकणिका वाचली तर आईची जात कळेल, बाप अज्ञातच राहील.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. यंत्र फक्त अक्षरे वाचते. ती अक्षरे कोणत्या जातीची, हे संग्रहातील नोंदीवरून ठरते. आणि ती नोंद कुणीतरी एक मासा हातात धरून, त्याला नाव देऊन केलेली असते. ते नाव देतानाच गफलत झाली असेल तर? पापलेटाच्या बाबतीत हीच गफलत दोनशे वर्षे जुनी होती.

१७८८ मध्ये युफ्रासेन या स्वीडिश निसर्गअभ्यासकाने चीनच्या किनाऱ्यावरील एका चंदेरी माशाला ‘अर्जेंटियस’, म्हणजे ‘चांदीचा’, असे नाव दिले. प्राण्याचे शास्त्रीय नाव हे एका प्रत्यक्ष नमुन्याशी बांधलेले असते. तो नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा, आणि पुढे शंका आली तर त्याच्याशी ताडून पाहायचे, अशी ही रीत आहे. युफ्रासेनचा नमुना पुढे नाहीसा झाला. दरम्यान पर्शियन आखातापासून जपानपर्यंत जेथे जेथे चंदेरी पापलेट सापडला, तेथे तेथे त्याला पाम्पस अर्जेंटियस हेच नाव लावण्यात आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत, मत्स्यव्यवसायाच्या अहवालांत आणि भिंतीवरच्या तक्त्यांतही तेच नाव आले. डीएनएचे संग्रह सुरू झाल्यावर ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी आपापल्या पापलेटाची अक्षरे त्याच नावाखाली जमा केली. मग एक चमत्कारिक प्रकार दिसू लागला. एकाच नावाखालच्या नोंदी आपसांत जुळेनात. काही नोंदींतील फरक एका जातीत शोभणाराच नव्हता.

चिनी संशोधकांनी २०१३ मध्ये मूळ ठिकाणच्या परिसरातील मासे मिळवून त्यांतील एकाला हरवलेल्या नमुन्याच्या जागी नवा प्रमाण नमुना म्हणून नेमले. त्यामुळे खरा अर्जेंटियस कोणता, हे पुन्हा पक्के झाले. पाठोपाठ २०१५ मध्ये राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या कोची केंद्रातील संशोधकांनी अनेक जनुके तपासून दाखवून दिले, की आपल्याकडील चंदेरी पापलेट हा चिनी समुद्रातील अर्जेंटियसहून वेगळा आहे. मग आपल्या माशाचे नाव काय? नवे नाव घडवण्याची मोकळीक येथे नव्हती. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार आधी दिलेले योग्य नाव असेल तर तेच वापरावे लागते. आणि तसे नाव होते. विख्यात फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए याने १८२९ मध्ये भारतीय किनाऱ्यावरील पापलेटाला ‘कँडिडस’, म्हणजे ‘शुभ्र’, असे नाव दिले होते. पुढच्या अभ्यासकांनी ते अर्जेंटियसचेच दुसरे नाव समजून अडगळीत टाकले होते. २०१९ मध्ये माशांची शारीरिक मोजमापे आणि डीएनए हे दोन्ही पुरावे एकत्र मांडून ते नाव पुन्हा वापरात आणले गेले. उत्तर हिंदी महासागरातील चंदेरी पापलेट तेव्हापासून पाम्पस कँडिडस. गंमत अशी, की ज्याला आपण ‘चिनी पापलेट’ म्हणतो तो पाम्पस चायनेन्सिस आपल्या किनाऱ्यावर खरोखरच मिळतो, आणि ज्याला आपला म्हणत होतो तो अर्जेंटियस मात्र चीनचा निघाला.

या शोधात डीएनएने शंका उपस्थित केली. निकाल द्यायला मात्र बरणीतले मासे, मणक्यांची मोजणी आणि दोनशे वर्षांपूर्वीची लॅटिन-फ्रेंच पुस्तके लागली. वृत्तपत्रांत नव्या तंत्राचे कौतुक येते तेव्हा ही बाजू बहुधा गाळली जाते. आज जबाबदार संशोधक डीएनएसाठी तुकडा काढल्यावर उरलेला मासा फेकत नाहीत. क्रमांक देऊन तो संग्रहालयात ठेवतात, म्हणजे उद्या कुणाला शंका आली तर बरणी उघडून पाहता येते.

नाव बदलले म्हणून कोळ्याच्या जाळ्यात पडणारा मासा बदलत नाही हे खरे. तरीही या बदलाचा कोळ्याच्या पोटाशी संबंध आहे. डोलीत आणि ट्रॉलच्या जाळ्यांत पापलेटाची न वाढलेली पिल्ले मोठ्या संख्येने सापडतात. एकदाही अंडी न घातलेला मासा पकडला गेला, तर पुढच्या हंगामाचा मासा कोठून येणार? म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याजोगी किमान लांबी ठरवून दिली. अशी लांबी ठरवताना मासा किती मोठा झाल्यावर अंड्यावर येतो, वर्षातून केव्हा येतो, किती झपाट्याने वाढतो, ही माहिती लागते. पूर्व चीन समुद्रातील अर्जेंटियसवर झालेल्या अभ्यासातील आकडे आपल्या पापलेटाला लावणे म्हणजे म्हशीच्या विण्याचा हिशेब गाईला लावण्यासारखे आहे. नाव एकच असल्यामुळे ही उसनवारी सहज खपून जात होती. पापलेटाची अंडी व पिल्ले समुद्रात नेमकी कोठे असतात हे शोधायचे, तरी डीएनए उपयोगी पडतो, कारण जाळीत गाळून आलेल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या अंड्यांत पापलेटाचे कोणते आणि चिनी पापलेटाचे कोणते, हे नुसते पाहून ठरवणे अतिशय कठीण असते.

२०२३ मध्येच पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला. त्यामुळे तो आता शाळांतील तक्त्यांवर आणि सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अधिकाधिक दिसेल. तुमच्या प्रयोगशाळेतील तक्त्यावर त्याच्याखाली पाम्पस अर्जेंटियस असे छापलेले असेल, तर तो तक्ता काढून टाकण्याची गरज नाही. जुन्या नावावर एक रेघ मारून शेजारी पाम्पस कँडिडस असे लिहा, आणि ती रेघ कशासाठी मारली ते मुलांना विचारू द्या. किनाऱ्यालगतच्या शाळांना आणखी एक करता येईल. एक पापलेट व एक हलवा आणून मुलांच्या हाती द्यावा, शेपटीच्या देठावरून बोट फिरवायला सांगावे, आणि पोटाखालच्या परांची जोडी शोधायला लावावी. पापलेटाला ती नसते. मोठ्या हलव्यातही ती सापडणार नाही, कारण लहानपणी असलेली ती जोडी वाढत्या वयात नाहीशी होते. एवढ्या एका खुणेवर विसंबून दोघांना एका घरात बसवणारे विद्यार्थी निघतील. मग त्यांना शेपटीकडच्या खरखरीत रांगेची आठवण करून द्यावी.